लॅपटॉपमध्ये म्हातारं काय होतं?

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर फिरून १९५८ साली एक छोटा अहवाल लिहिला. भारतात डिझाइनचं शिक्षण कसं असावं, हा त्याचा विषय. पुढे १९६१ साली अहमदाबादला एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) उभी राहिली, तिच्या मुळाशी हाच अहवाल आहे. या प्रवासात पाहिलेल्या असंख्य वस्तूंमधून त्यांनी सर्वात सुंदर म्हणून निवडला तो साधा लोटा. असा लोटा नव्याने घडवायचा तर काय काय विचारावं लागेल, याची यादीच त्यांनी केली. पाणी किती मावावं? तो डोक्यावरून न्यायचा, कमरेवर की हातात? भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कुठे जातो? आणि एक प्रश्न असा, की वाचताना मी दर वेळी थांबतो: वापरून झाल्यावर त्याची मोड किती येईल?

दर जूनमध्ये महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत एक खरेदी होते. मुलीला डिझाइनला प्रवेश मिळालेला असतो. बी.डेस. म्हणजे चार वर्षं, उपयोजित कलेची पदवीही चार वर्षांची, आर्किटेक्चर पाच. तेवढा काळ पुरेल असा लॅपटॉप हवा असतो आणि दुकानात बोललं जातं ते फक्त वेगाबद्दल. इथे लोट्याचे प्रश्न फार उपयोगी पडतात. या यंत्रातलं काय झिजतं? काय झिजतच नाही? काय बदलता येतं, आणि काय पहिल्या दिवशी घेतलं तेच शेवटपर्यंत?

उत्तरं थक्क करणारी आहेत. लॅपटॉपचे विचार करणारे भाग व्यवहारात म्हातारे होतच नाहीत. अॅपलच्या २०२०च्या एम१ चिपमध्ये १,६०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत आणि त्यातला एकही हलत नाही. चार वर्षांनी ती चिप पहिल्या दिवसाइतक्याच वेगाने बेरीज करते. म्हातारे होतात ते फुगणारे, वाकणारे, तापणारे आणि हवा ओढणारे भाग.

तरीही नव्वदच्या दशकातला संगणक तीन वर्षांत जुना वाटायचा, कारण बाजार त्याच्या पुढे पळत होता. १९९३चा पहिला पेंटियम ६० मेगाहर्ट्झचा होता. २०००च्या मार्चमध्ये एक गिगाहर्ट्झचे प्रोसेसर आले. सात वर्षांत सोळापट! आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला वीजही त्याच प्रमाणात कमी लागते, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेत वेग वाढवता येतो. २००५च्या सुमारास हे गणित अडलं. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली आणि उष्णता आवरेना. तेव्हापासून वेग वाढतो आहे, पण पूर्वीसारखा उड्या मारत नाही. म्हणून आजचा चांगला लॅपटॉप चार-पाच वर्षं कामाचा राहू शकतो. फीचे हप्ते भरणाऱ्या आईवडिलांसाठी ही मोठीच चांगली बातमी आहे.

याच डेनार्ड यांचा दुसरा शोध डिझाइनच्या विद्यार्थ्याच्या रोजच्या कामाचा आहे: आजच्या रॅमची, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या स्मृतीची रचना. १९६८ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक सूक्ष्म कपॅसिटर, एवढ्या जोडीत एक बिट राहतो. भार आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. १६ जीबी रॅममध्ये अशा १३,७४३ कोटींहून जास्त जोड्या असतात. पण हा भार टिकत नाही, सतत गळत असतो. म्हणून यंत्र प्रत्येक जोडी वाचतं आणि तीच गोष्ट पुन्हा लिहितं, सेकंदाला पंधरा ते तीस वेळा. तुम्ही पोस्टर उघडं ठेवून चहाला गेलात की ते स्क्रीनवर नुसतं पडून आहे असं वाटतं. आत मात्र ते अखंड पुसट होत असतं आणि अखंड नव्याने लिहिलं जात असतं. हे मला कळलं त्या दिवसापासून मी रॅमकडे निव्वळ आकडा म्हणून पाहू शकलेलो नाही.

आता त्या पोस्टरचा हिशेब करू. २४ इंच बाय ३६ इंच, छपाईसाठी दर इंचाला ३०० ठिपके. म्हणजे ७,२०० गुणिले १०,८००, एकूण ७ कोटी ७७ लाख ६० हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार बाइट. संपूर्ण भरलेला एक थर सुमारे ३११ एमबीचा झाला. असे वीस थर म्हणजे सहा जीबीच्या वर, आणि रंगांची खोली ८ बिटवरून १६ बिट केली की बारा. हे फक्त एका फाइलचं. सोबत ब्राउझर, संदर्भचित्रं, व्हिडिओ कॉल आणि खुद्द विंडोज किंवा मॅकओएस असतंच. रॅम पुरली नाही की प्रोग्रॅम उरलेलं काम एसएसडीवर, म्हणजे फाइली कायम साठवणाऱ्या भागावर लिहू लागतो. एसएसडी कितीही चपळ असली तरी एखादी गोष्ट तिथून शोधून आणायला रॅमपेक्षा शेकडो पट वेळ लागतो. कर्सर अडखळतो, ब्रश हाताच्या मागे राहतो आणि मनात आलेली रेषा निसटते.

म्हणून ८ जीबीवर डिझाइनची चार वर्षं काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. १६ जीबी हा पाया, आणि अॅनिमेशन, थ्रीडी किंवा व्हिडिओकडे जायचं असेल तर ३२. हे आग्रहाने सांगण्याचं कारण म्हणजे बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. कंपनी पैसे वाचवते हे त्याचं पूर्ण स्पष्टीकरण नाही. अंतराचं भौतिकशास्त्रही त्यात आहे. सेकंदाला ६४० कोटी वेळा संकेत पाठवणाऱ्या रॅममध्ये एका बिटाच्या वाट्याला जेवढा वेळ येतो, तेवढ्यात वीज तांब्याच्या रेषेतून फार तर दोन-अडीच सेंटीमीटर पुढे सरकते. एवढ्या घाईत रॅमची पट्टी बसवण्याच्या खाचेची आणि जोडणीची थोडीशी लांबीही जाणवते. स्मृती प्रोसेसरला जितकी चिकटून, तितकी ती चपळ आणि कमी वीज खाणारी. आपण मात्र वाढवण्याची सोय गमावतो. खाच असलेला लॅपटॉप मिळाला तर उत्तमच. नसेल तर चौथ्या वर्षाचा विचार पहिल्याच दिवशी करावा लागतो.

एसएसडीची चिंता मात्र सोडा. तिच्यात इलेक्ट्रॉन एका अतिपातळ थरातून ढकलून कोंडले जातात आणि प्रत्येक लेखनाने तो थर किंचित झिजतो, हे खरं. पण ५०० जीबीच्या एखाद्या चांगल्या एसएसडीची हमी ३०० टेराबाइट लिहिण्याची असते. रोज ५० जीबी लिहिलं तरी सोळा वर्षं लागतील. शिवाय ती बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये बदलता येते.

पडद्यावर मात्र रेंगाळायलाच हवं. त्यावर हळदीचा पिवळा दिसतो तेव्हा तिथे पिवळा प्रकाश नसतो. लाल आणि हिरवे बारीक दिवे शेजारीशेजारी पेटलेले असतात, आणि आपल्या डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकूपेशी त्या मिश्रणाला पिवळा म्हणून स्वीकारतात. लाल, हिरवा, निळा या तीन दिव्यांनी किती रंग दाखवायचे याचं सर्वमान्य माप म्हणजे एसआरजीबी. ते १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ठरवलं. माणसाला दिसणाऱ्या रंगांच्या नकाशाचा जेमतेम एक तृतीयांश भाग त्यात येतो. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो पडदा एसआरजीबीच्याही साठेक टक्क्यांपर्यंतच पोचतो. अशा पडद्यावर पैठणीचा लाल विटलेला दिसतो. विद्यार्थी तो गडद करतो, अजून गडद करतो, आणि तेच काम शिक्षकांच्या चांगल्या मॉनिटरवर उघडलं की भडक अंगावर येतं. डोळा घडण्याच्या वयात चुकीच्या पडद्यावर चार वर्षं घालवणं हे मला सगळ्यांत मोठं नुकसान वाटतं. म्हणून ‘१०० टक्के एसआरजीबी’ हे शब्द माहितीपत्रकात शोधावेत. प्रोसेसरमध्ये एक पायरी खाली उतरावं लागलं तरी चालेल.

पडद्याची बारीकी किती हवी याचं उत्तर आपल्याला देवनागरीत सापडतं. निकोप डोळा साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं ओळखतो. पडदा अर्ध्या मीटरवर असेल तर हे अंतर ०.१४५ मिलिमीटर होतं, म्हणजे इंचाला सुमारे १७५ ठिपके. १५.६ इंची फुल एचडी पडद्यावर इंचाला १४१ असतात, १४ इंची २८८० बाय १८०० पडद्यावर २४३. देवनागरी अक्षराला वर शिरोरेषा, तिच्याही वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार. कमी ठिपक्यांत एवढे मजले बसवायचे, आणि रेघ एक ठिपका जाड किंवा दोन, दीड करायची म्हटलं तर कडा धूसर होते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला तो अशाच चणचणीच्या काळात. आज टाइप डिझाइन शिकणाऱ्या मुलाला ‘ष्ट्य’सारख्या जोडाक्षराची वळणं नीट पाहता यायची असतील, तर त्याने घनदाट ठिपक्यांचा पडदाच घ्यावा.

ओलेड पडद्याचा काळा रंग अप्रतिम असतो, पण त्याचे दिवे सेंद्रिय पदार्थांचे आहेत आणि ते झिजतात, त्यातही निळे लवकर. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्ट्या आणि खिडक्या वर्षानुवर्षं त्याच जागी असतात. त्यांची सावली पडद्यावर कायमची उमटू शकते. दीर्घ वापरासाठी मी चांगला आयपीएस पडदा निवडेन.

आता बॅटरी. फाउंडेशनच्या वर्षात विद्यार्थी ज्या पेन्सिलीने चित्रं काढतो तिच्यातलं ग्रॅफाइट बॅटरीतही आहे. पेन्सिल कागदावर उमटते कारण ग्रॅफाइटचे थर एकमेकांवरून सहज घसरतात. बॅटरी चार्ज होते कारण त्याच थरांच्या मध्ये लिथियमचे आयन शिरून बसतात. आयन शिरले की ग्रॅफाइट सुमारे दहा टक्के फुगतं, बाहेर पडले की आकसतं. प्रत्येक फेरीत थोडं लिथियम पृष्ठभागावर थिजून कायमचं अडकतं, आणि उष्णतेने व पूर्ण भरून ठेवण्याने ही झीज वाढते. हे तंत्र उभं करणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

वर्षाला कॉलेजचे अडीचशे दिवस धरले आणि रोज एक पूर्ण फेरी, तर चार वर्षांत हजार फेऱ्या. साध्या बॅटऱ्या तीनशे ते पाचशे फेऱ्यांतच ऐंशी टक्क्यांवर येतात, अॅपल हजार फेऱ्यांचा आकडा देतं. म्हणजे तिसऱ्या वर्षी बॅटरी बदलण्याचा खर्च हा खरेदीचाच भाग धरावा. होस्टेलवर दिवसभर चार्जर जोडलेला असेल तर ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय सुरू ठेवा. आणि लॅपटॉपची तळबाजू फुगलेली दिसली तर वापर त्याच क्षणी थांबवा. मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९ वॉट-तासांच्या आसपास का थांबतात, हेही गमतीचं आहे: विमानात विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० आहे.

वाकणारा भाग म्हणजे बिजागरी. पडदा कीबोर्डवर मिटणारा लॅपटॉप घडवला तो बिल मॉग्रिज या ब्रिटिश डिझायनरने: ग्रिड कंपास, १९८२. मॅग्नेशियमच्या अंगाचं ते यंत्र नासाने स्पेस शटलमधून अंतराळातही नेलं. पोर्टफोलिओ बनवणारा प्रत्येक विद्यार्थी ज्या वस्तूवर काम करतो ती स्वतःच एका डिझायनरच्या पोर्टफोलिओतली वस्तू आहे! आजही स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेले असतात आणि तिथेच तडा जातो. दुकानात पडदा एका कोपऱ्याला धरून उघडून पाहा. तो पिळवटला तर दुसरा लॅपटॉप पाहा.

पंख्याबद्दल थोडंच. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग उतरवतो. अतिपातळ यंत्र पहिली दहा मिनिटं जोमात धावतं आणि रात्रभराच्या थ्रीडी रेंडरिंगला दमतं. आपल्याकडच्या धुळीत वर्षातून एकदा पंखा साफ करून घेतला तर फार फरक पडतो.

खरेदीची घाई मात्र करू नये. डिझाइनच्या पहिल्या वर्षात कागद, माती, लाकूड आणि हात हेच खूप चालतं. वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा की तुमच्या शाखेत काय वापरतात. प्रॉडक्ट डिझाइनमधलं सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं, फिग्मा ब्राउझरमध्ये उघडतं, ब्लेंडर २००२ सालापासून मुक्त आणि फुकट आहे. जुना लॅपटॉप घेणार असाल तर आधी त्याला विंडोज ११ चालतं का पाहा, कारण विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर स्वतःचं एक देवनागरी पान आणि लाल-पिवळ्या रंगांचा एक फोटो न्या, दोन लॅपटॉपवर शेजारीशेजारी उघडा. मग विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: रॅम सोल्डर केलेली आहे का, बॅटरी स्क्रूने बसवली आहे की गोंदाने, आणि ती बदलायची वेळ आली तर तुमच्याच शहरात किती पैशांत, किती दिवसांत बदलून मिळेल.