आपल्या कानांच्या खोडी

मैफलीहून परतताना एखादे गृहस्थ म्हणतात, “गवई मोठा असेल, पण आम्हांला काही रुचला नाही.” यात गैर काहीच नाही; आवडीवर सक्ती कुणी करावी? परंतु न रुचणे निराळे आणि ऐकूच न येणे निराळे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला जाणता व्यापारी चिमूटभर रुई बोटांनी ओढून धाग्याची लांबी सांगतो. इतरांना तीच रुई नुसती मऊ लागते. कानाचेही असेच आहे.

आम्हां मराठी श्रोत्यांच्या कानाला वळण लावले ते नाटकाने. १९१६ साली आलेल्या खाडिलकरांच्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम बुवांना मिळालेली. त्यांच्या चाली बालगंधर्वांच्या गळ्यातून घरोघर पोहोचल्या, आणि ‘रागदारी कळत नाही’ म्हणणाराही भूप, यमन, भीमपलास नकळत गुणगुणू लागला. हे ऋण मोठेच. पण नाट्यपदात शब्द पुढे असतात आणि रंग लवकर भरतो. त्यात जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. अशा कानाला विलंबित ख्यालाचा पहिला अर्धा तास रिकामा वाटला तर नवल नाही.

वास्तविक तेथे पुष्कळ घडत असते. कुठे पाहावे एवढेच ठाऊक हवे. किराणा घराण्याची गायकी ऐकताना एकेक नवा स्वर किती विलंबाने आणि कशा तयारीने येतो, तिकडे लक्ष ठेवावे. आग्रा घराण्याच्या फैयाजखाँकडे (१८८६–१९५०) तसलाच गोडवा शोधणारा मात्र रित्या हाताने परतेल. तेथे बोटांवर मात्रा मोजाव्यात. बोल ठेक्याशी कसे झुंजतात आणि समेवर कसे येतात, ते पाहावे. दोन-चार आवर्तनांतच कान जागा होतो.

काही उणीव मात्र आपल्या कानाची नव्हे, घड्याळाची आहे. मैफली संध्याकाळच्या, म्हणून ललत-तोडीसारखे सकाळचे राग वाट्याला फारसे येत नाहीत. शिवाय २००० सालच्या नियमांनी, थोडे अपवाद वगळता, उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होतात. शेजाऱ्यांच्या झोपेसाठी ते योग्यच. पण मध्यरात्रीचा दरबारी कानडा त्यात हरवला. वणी-पुसदच्या रसिकांनी वर्षातून एक बैठक भल्या सकाळी भरवावी. सतरंजी, दोन तंबोरे आणि चहा एवढे पुरे. पन्नास माणसांना ध्वनिक्षेपकही लागत नाही.