वाघाचं नाणं, गेंड्याचे चाराणे आणि आपली बचत



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी पदराची गाठ सोडली आणि गेंड्याचं चित्र असलेले जुने चाराणे पुढे ठेवले. म्हणाल्या, "ताई, हे इकले तं लाख रुपये भेटतात म्हने. मोबाईलवर आलं. पहिले दोन हजार फी भरा लागते." फी त्यांनी भरलीही होती, तीही गटाच्या कर्जातून. म्हणून आज नाण्यांबद्दल बोलू.

निसर्गाचा मान सांगणारी नाणी सरकार खरंच काढतं. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. अकोल्याचं नरनाळा अभयारण्यही त्यातच येतं. या प्रकल्पाला ५० वर्षं झाली म्हणून ९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूरला ५० रुपयांचं खास नाणं निघालं.

अशी स्मृतिनाणी बाजारात चालवायला नसतात. सरकारी टांकसाळ ती संग्रहासाठी विकते आणि किंमत छापील आकड्यापेक्षा बरीच जास्त असते. चांदीचं म्हटलेलं प्रत्येक नाणं शुद्ध चांदीचं असतं असंही नाही. २०२३ चंच नव्या संसदेचं ७५ रुपयांचं नाणं घ्या. वजन ३५ ग्रॅम, पण चांदी निम्मीच, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. बाकी तांबं, निकेल आणि जस्त.

धनत्रयोदशीला सराफाकडून घेतो ते लक्ष्मीचं किंवा वाघाचं नाणं तर सरकारी चलनच नाही. ते घेताना हॉलमार्क आणि शुद्धतेचा आकडा पाहा. ९९९ म्हणजे हजारात ९९९ भाग चांदी. वजन करून घ्या, पक्की पावती मागा. मोडताना चांदीचाच भाव मिळतो, घडणावळ जाते.

आणि ते गेंड्याचे चाराणे? ते पोलादाचे, ३० जून २०११ पासून चलनातून बंद. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण नाही आणि त्यासाठी फी घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सांगितलं आहे. 'आधी पैसे भरा' म्हटलं, की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

ताईंनी महिनाभर लाजून सांगितलं नाही. तोवर पैसे हातचे गेले होते. गटाने हप्त्याची मुदत वाढवून दिली. पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी बैठकीत विचारा. विचारण्यात कसली आली लाज?