जिवंत बी आणि व्यापाऱ्याची चोपडी

उज्जैनच्या मंडईत सोयाबीनची बोली चालते तेव्हा मालातील ओल पाहिली जाते, कचरा पाहिला जातो, दाण्याचा रंग पाहिला जातो. दाण्याच्या वंशाची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. भारतात व्यापारी लागवडीस मान्यता मिळालेले जनुक-परिवर्तित पीक कापूस हे एकच असल्यामुळे आजवर तिची गरजही भासली नाही. यापुढे मात्र ती भासेल, असे आम्हांस वाटते.

परक्या जीवाचे जनुक घालून घडविलेल्या वनस्पती निसर्गात कोणत्या अटींवर सोडाव्यात, याविषयीचे नियम केंद्र सरकारने १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमान्वये १९८९ साली केले. प्रथम प्रयोगशाळा, मग ठरावीक अंतर राखून लहान क्षेत्रावरील चाचणी आणि त्यानंतरच मोकळी लागवड, असा क्रम आहे. देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समितीचीही तरतूद आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

हा क्रम मोडला म्हणजे काय होते, ते शेजारच्या गुजरातेत २००१ साली दिसून आले. नवभारत-१५१ या कापसाच्या वाणात परवानगीवाचून बोंडअळीनाशक जनुक आढळले. पीक जाळण्याचा आदेश निघाला. पण तोवर काही कापूस बाजारात पोहोचला होता. जालन्याच्या महिको कंपनीच्या वाणांना रीतसर मान्यता मिळाली ती त्यानंतर, मार्च २००२ मध्ये.

सोयाबीनची गोष्ट आणखी निराळी. मोहरीचे पराग मधमाशी दूर नेते, म्हणून तेथे शेतांमध्ये अंतर राखावे लागते. सोयाबीन मुख्यतः स्वपरागी असल्याने त्याचा धोका फुलात नव्हे, पोत्यात आहे. शिवाय संकरित कापसाप्रमाणे त्याचे बियाणे दरसाल विकत घ्यावे लागत नाही. माळव्यातील पुष्कळ शेतकरी घरचेच दाणे राखून पेरतात. परिवर्तित जिवंत दाण्याचे एक पोते मंडईत मिसळले, तर ते पुढील पावसाळ्यात कोणाच्या तरी शेतात उगवेल. मग कोणत्याही आदेशाने ते वेचून काढता येणार नाही.

म्हणूनच ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने १२ लाख टन परिवर्तित सोयापेंड आयात करण्याची मुभा दिली, ती भरडलेल्या व तेल काढलेल्या मालापुरतीच. पेंडीतून रोप उगवत नाही, हे त्यामागील तत्त्व होते. त्याच वर्षापासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सोयाबीनसह २४ पिकांच्या आयातीस माल परिवर्तित नसल्याचा दाखला सक्तीचा केला; अनवधानाने झालेले १ टक्क्यापर्यंतचे मिश्रण तेवढे क्षम्य मानले.

आमचा या तंत्रास विरोध नाही. २०१९ साली अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी मान्यता नसलेला कापूस उघडपणे पेरला, तेव्हा नव्या बियाण्याची त्यांची निकड खरीच होती. परंतु चोरट्या मार्गाने आलेले बी फसले, तर पावतीवाचून त्याच शेतकऱ्यास दाद मागता येत नाही. इकडे भारतीय पेंड परिवर्तित नाही म्हणूनच ती घेणारे परदेशी ग्राहकही आहेत. तो विश्वास एकदा गेला, की भाव उतरवूनही परत मिळत नाही.

नियम दिल्लीत होतात, ते पाळले जातात आपल्या वखारीत. बियाणे आणि धान्य यांचे साठे वेगळे असावेत, बियाण्याच्या पिशवीवरील गट क्रमांक पावतीवर उतरावा, आणि ज्या पोत्याचा उगम चोपडीत सापडत नाही, ते पेरणीसाठी कोणासही विकू नये, एवढी आमची व्यापारी बंधूंस विनंती आहे.