पंचेचाळीस फेऱ्यांवरची आशा

इंग्लंडमधील कॉर्नरशॉप या रॉक गटाने १९९७ मध्ये 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गाणे प्रसिद्ध केले, आणि ब्रिटनच्या कानाकोपऱ्यातल्या तरुण श्रोत्यांच्या तोंडी एका मराठी गायिकेचे नाव आले. शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'आशेने काठोकाठ भरलेले' असा होतो. इंग्रजी श्रोत्याला 'आशा' हा केवळ गोड वाटणारा परका शब्द होता. मराठी, हिंदी वा पंजाबी जाणणाऱ्याला मात्र त्यात उमेदही ऐकू येत होती आणि आशा भोसले हे नावही. एखाद्या ध्वनिमुद्रिकेवर माणसे वर्षानुवर्षे जीव का लावतात, घर बदलले, देश बदलला, वाजवायचे यंत्रही बदलले तरी ती टाकून का देत नाहीत, या प्रश्नाचा शोध घ्यायचा तर हे गाणे आणि ते जिच्याविषयी आहे ती गायिका यांच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

कॉर्नरशॉप ज्या प्रकारचे संगीत वाजवत असे त्याला 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' म्हणजे पर्यायी रॉक म्हणतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतील महाविद्यालयांच्या छोट्या नभोवाणी केंद्रांवरून आणि ब्रिटनमधील लहान, स्वतंत्र ध्वनिमुद्रण कंपन्यांतून हा प्रवाह वाढला. मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत, सर्वांना रुचेल अशा बेताने केलेल्या गाण्यांना दुसरा पर्याय, एवढाच त्या नावाचा मूळ अर्थ होता. गिटारचा खरखरीत ध्वनी, साध्या चाली आणि मनात येईल ते थेट सांगणारे शब्द ही त्याची ठळक लक्षणे. १९९० च्या दशकात या प्रवाहात स्त्रियांचा आवाज विशेष जोराने पुढे आला. आयर्लंडच्या लिमरिक शहरातील द क्रॅनबेरीज या गटाची गायिका डोलोरेस ओ'रिऑर्डन हिचा 'नो नीड टू आर्ग्यू' हा अल्बम १९९४ चा, तर कॅनडाच्या ॲलानिस मोरिसेटचा 'जॅगेड लिटल पिल' १९९५ चा. या दुसऱ्या अल्बमच्या तीन कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या आणि त्या यशानंतर भारतात येऊन गेलेल्या मोरिसेटने १९९८ मधील आपल्या एका गाण्यात या देशाचे आभारही मानले. स्त्रीचा संताप, तिची वासना आणि तिचे एकटेपण यांना रॉक संगीतात याच सुमारास मोकळी वाट मिळाली, असे पाश्चात्त्य समीक्षेत वारंवार म्हटले जाते. पाश्चात्त्य संगीतापुरते ते बरोबरही आहे. मात्र हिंदी चित्रपटाच्या श्रोत्यांना गिटारच्या साथीने गाणारा बेधडक स्त्रीस्वर त्याआधी वीस-पंचवीस वर्षे परिचयाचा झालेला होता.

देव आनंद यांचा 'हरे रामा हरे कृष्णा' हा चित्रपट १९७१ मध्ये आला. काठमांडूतील हिप्पी तरुण-तरुणींच्या कथेसाठी राहुल देव बर्मन यांनी आनंद बक्षी यांच्या शब्दांना दिलेली 'दम मारो दम' ची चाल, पडद्यावरील झीनत अमान आणि तिच्यासाठी गाणाऱ्या आशा भोसले, असा तो योग होता. गाणे सुरू होते ते गिटारच्या, पुढे गायक म्हणून नावारूपाला आलेल्या भूपिंदर सिंग यांनी वाजवलेल्या, अजूनही कुठे कानावर पडले की ताबडतोब ओळखू येणाऱ्या तुकड्याने; मग त्या तुकड्यावर आवाज येतो तो घाई न करता, किंचित जडावलेला, शब्दांच्या शेवटी श्वास सोडून देणारा. नशेत असलेल्या मुलीचे गाणे आहे म्हणून गायिकेने सूर ढिला केलेला नाही, ही बाब बारकाईने ऐकण्यासारखी आहे. स्वर नेमका जागेवर असतो आणि बेफिकिरी सगळी उच्चारात व श्वासात असते. दीनानाथ मंगेशकरांच्या घरात, नाट्यसंगीताच्या फिरतीत आणि जरबेत कान तयार झालेल्या, १९४३ च्या 'माझं बाळ' या मराठी चित्रपटात वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास पहिल्यांदा गायलेल्या गायिकेलाच हे साधले. रॉकसाठी लागणारा बंडखोरपणा तिने शिस्तीच्या बळावर उभा केला, आणि या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला.

पार्श्वगायन ही पद्धत भारतीयांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नवल वाटेनासे झाले आहे. पडद्यावर एक स्त्री ओठ हलवते आणि दुसरी, जी कुठेच दिसत नाही, ती गाते. प्रेक्षक दोघींनाही खरे मानतात. चेहरा नटीचा, तर आवाज गायिकेचा. त्यामुळे चित्रपटगृहातून घरी येताना श्रोता जे बरोबर आणू शकतो तो केवळ आवाज असतो, आणि तो आवाज घरात साठवण्याचे साधन म्हणजे रेकॉर्ड. कॉर्नरशॉपचे गाणे याच साधनाभोवती फिरते.

गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा 'पंचेचाळीस' हा आकडा मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या तबकडीचा आहे. अमेरिकेतील आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९ मध्ये ही सात इंच व्यासाची तबकडी बाजारात आणली. त्याआधीच्या लाखेच्या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेत, जड असत आणि हातातून निसटल्या की फुटत. १९४८ मध्ये आलेली मोठी एलपी तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांची होती. पंचेचाळीसची तबकडी हलकी, स्वस्त आणि दोन-चार गाण्यांपुरतीच असल्यामुळे आवडते तेवढेच विकत घेण्याची सोय तरुणांना मिळाली. तिच्या प्रत्येक बाजूवर एकच अखंड खोबण कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल जात असते, त्या खोबणीच्या भिंतींतल्या सूक्ष्म खाचा सुईला थरथरवतात आणि तीच थरथर मोठी होऊन आवाज होते. सुई प्रत्येक वेळी तीच वाट चालते आणि प्रत्येक वेळी ती थोडी झिजवते. म्हणून फार वाजवलेल्या तबकडीवर गाण्याच्या आधी बारीक चरचर ऐकू येते, एखाद्या कडव्याच्या ठिकाणी सुई ठेच खाते, आणि घरातल्यांना ती ठेच इतकी पाठ होते की नव्या प्रतीवर ते कडवे सुरळीत गेले तर चुकल्यासारखे वाटते.

कॉर्नरशॉपचा गायक आणि गीतकार तजिंदर सिंग वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये वाढलेला, पंजाबी घरातला. १९९१ मध्ये सुरू झालेल्या या गटाने आपले नावच ब्रिटनमधल्या एका शेलक्या समजुतीवरून घेतले होते: दक्षिण आशियाई माणूस म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा मालक, अशी ती समजूत. १९९२ मध्ये मॉरिसी या प्रसिद्ध गायकाची वंशविषयक भूमिका खटकल्यामुळे या तरुणांनी ईएमआय कंपनीच्या कचेरीबाहेर त्याची छायाचित्रे जाळली होती. अशा चिडलेल्या गटाच्या हातून पाच वर्षांनी आलेले गाणे मात्र शुद्ध कौतुकाचे आहे. त्यात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांची नावे आहेत, आकाशवाणी आहे, जुन्या रेडिओची आणि ग्रामोफोनची नावे आहेत, धरणांचा आणि सरकारी सूचनांचाही ओझरता उल्लेख आहे, आणि ध्रुवपदात डोके टेकवून विसावण्याच्या कुशीची कल्पना असून आपली कूस पंचेचाळीस फेऱ्यांच्या तबकडीत आहे असे गाणारा सांगतो. पडद्यामागे राहून गाणाऱ्या स्त्रीला पडद्याच्या पुढे आणून बसवण्याचे काम या गाण्याने केले, आणि तेही तिच्या गाण्याचा एकही तुकडा न वापरता.

गाण्याची चाल अगदी साधी, दोन-चार गिटारस्वरसमूहांवर उभी आहे. पहिल्यांदा प्रसिद्ध झाले तेव्हा ते ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत फार वर गेले नाही. तरी नभोवाणीवरील निवेदक जॉन पील यांच्या श्रोत्यांनी १९९७ चे सर्वांत आवडते गाणे म्हणून त्याचीच निवड केली. पुढे फॅटबॉय स्लिम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नॉर्मन कुकने त्याचा रीमिक्स केला, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण ठेवून लय वाढवली आणि ठेका नव्याने घातला, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये हे रूप ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. नाचण्यासाठी रीमिक्स निःसंशय सरस आहे. परंतु मूळ गाण्याच्या सैल, रेंगाळत्या लयीत दुपारी घरात रेकॉर्ड लावून बसलेल्या माणसाचा निवांतपणा आहे, आणि गाणे ज्या प्रेमाविषयी आहे ते तिथेच अधिक कळते.

आकाशवाणीचा त्यातला उल्लेख मराठी वाचकाला एका वेगळ्या कारणाने थांबवणारा आहे. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ होते, आणि शास्त्रीय संगीताच्या कळकळीपोटी त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आवर घातला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, 'बिनाका गीतमाला' घराघरांत पोहोचली, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारला हलक्याफुलक्या गाण्यांसाठी जागा करून द्यावी लागली. केसकरांचा हेतू प्रामाणिक होता, त्यांचे शास्त्रीय संगीतावरील उपकारही मोठे आहेत. पण श्रोत्याच्या प्रेमाला वळण लावता येते, बांध घालता येत नाही, हे त्यांच्या कारकिर्दीत दिसून आले.

वुल्व्हरहॅम्प्टनच्या पंजाबी मुलाला आशाबाईंचा आवाज इतका आपला का वाटावा, याचे उत्तर मध्य प्रदेशातील बालाघाटसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्या मराठी माणसाला सहज देता येईल. १८६७ मध्ये मंडला, शिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बनवलेला हा जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यात, गोंदिया आणि भंडाऱ्याला लागून आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता आणि त्यानंतर नागपूर दुसऱ्या राज्यात गेले. शाळा, कचेरी आणि बाजार हिंदीत, नातेवाईक गोंदिया-नागपूरकडे, पोवार समाजाच्या घरांत पोवारी, आणि मराठी घरांत मराठी, असे येथील जगणे आहे. दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्याला रोज एक उंबरठा ओलांडावा लागतो. १९४८ मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर मराठी भावगीत लागो किंवा विविध भारतीवर हिंदी चित्रपटगीत, आशा भोसले यांचा आवाज दोन्हीकडे तितक्याच हक्काने येतो. हिंदीत गाताना त्या मराठी वाटत नाहीत, मराठीत गाताना हिंदीची सावलीही नसते. एकाच गळ्यात दोन्ही भाषांना घर मिळाले आहे, आणि ज्याला स्वतःच्या आयुष्यात ते घर रोज बांधावे लागते त्याला या आवाजाची ओढ अधिक असते. लेस्टर किंवा वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये घरात पंजाबी व गुजराती आणि रस्त्यावर इंग्रजी ऐकत वाढलेल्या पिढीची गरज याहून निराळी नव्हती.

गिनेस बुकाने २०११ मध्ये आशाबाईंची नोंद घेतली ती १९४७ पासून वीसहून अधिक भारतीय भाषांत केलेल्या, ११,००० पर्यंत पोहोचणाऱ्या ध्वनिमुद्रणांसाठी. आकडा थक्क करणारा आहे, तरी रॉक आणि पॉपच्या मंडळींना त्यांच्याकडे ओढून नेले ते वेगळ्याच गुणाने, परक्या संगीतात न बिचकता शिरण्याच्या तयारीने. १९९१ मध्ये बॉय जॉर्जच्या गाण्यात त्यांचा स्वर आला. १९९६ मध्ये 'राहुल अँड आय' या अल्बमात त्यांनी बर्मन यांची गाणी लेस्ली लुईस यांच्या नव्या साजात पुन्हा गायली, आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, लुईस यांच्याच संगीतातला 'जानम समझा करो' हा अल्बम तरुणांच्या वाहिन्यांवर गाजला. २००२ मध्ये पर्यायी रॉकचा पाया घालणाऱ्या आर.ई.एम. या गटाचा गायक मायकेल स्टाइप त्यांच्याबरोबर 'द वे यू ड्रीम' गायला. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या गटाने 'यूव्ह स्टोलन माय हार्ट' हा राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांचा अल्बम काढला. त्यात तबल्यावर झाकीर हुसेन आणि पिपा या चिनी तंतुवाद्यावर वू मान यांची साथ आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्या आशाबाई आपलीच तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गाणी नव्याने गातात. त्या अल्बमला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. गोरिलाझ या ब्रिटिश गटाने २०२५ मध्ये 'द माउंटन' या अल्बमची घोषणा केली तेव्हाही सहभागी कलावंतांत त्यांचे नाव होते.

क्रोनोसच्या अल्बममधला आवाज १९७१ च्या आवाजाशेजारी ठेवून ऐकला तर वय लपत नाही. वरच्या स्वरांना किंचित कड आली आहे, श्वास लवकर घ्यावा लागतो; पण शब्दाला मुरड घालण्याची, ओळ संपता संपता हसू आत ओढून घेण्याची लकब तशीच आहे. ज्यांनी जुनी तबकडी झिजेपर्यंत ऐकली आहे त्यांना ही लकब भेटताच ओळख पटते.

मराठी घरांत हे प्रेम बहुधा दुसऱ्या एका संग्रहाच्या नावाने सांगितले जाते. श्रीधर फडके यांनी संगीत दिलेला 'ऋतु हिरवा' हा तो संग्रह. त्यात गिटारचा कर्कशपणा नाही, बंडाची भाषाही नाही. शांता शेळके यांची शीर्षकगीताची कविता, अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांची 'भोगले जे दुःख त्याला' ही गझल आणि गोव्याच्या बा. भ. बोरकरांची 'झिणिझिणि वाजे बीन' ही कविता एकाच आवाजात शेजारीशेजारी बसल्या आहेत. बोरकरांच्या शब्दांतला कोकणी समुद्राकाठचा नाद आणि भटांच्या गझलेतला वऱ्हाडचा ताठा या दोहोंसाठी गळा वेगवेगळा लावलेला आहे. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर गेलेल्या कुटुंबांच्या सामानात या संग्रहाची कॅसेट असे, पुढे सीडी आली, आता तो भ्रमणध्वनीत असतो. आणि कॅसेट वाजवणारे यंत्र घरातून केव्हाच गेले असले तरी शाईने नाव लिहिलेली ती रिकामी डबी कपाटाच्या वरच्या खणात अनेकांनी जपून ठेवलेली असते.