दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हवाई मार्ग : अंतर व प्रवासकाल यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना :
अंतरास वेगाने भागले असता प्रवासाचा वेळ मिळतो, हे सूत्र विद्यार्थी शालेय वर्गातच शिकतात. तथापि दीर्घ पल्ल्याच्या विमानप्रवासात नकाशावरील अंतर व विमानाचा ठराविक वेग घेऊन केलेले गणित अनेकदा चुकते. प्रस्तुत लेखात दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को या मार्गाच्या आधारे त्याची कारणे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

लघुतम अंतर :
पृथ्वी गोलाकार असल्यामुळे दोन स्थळांमधील लघुतम मार्ग हा बृहद्वृत्ताचा कंस असतो. या दोन शहरांमधील असे अंतर सुमारे १२,४०० कि.मी. असून तो कंस सुमारे ७५° उत्तर अक्षांशापर्यंत जातो. भिंतीवरील सपाट नकाशात हे दिसत नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरल्यास मात्र सहज लक्षात येते. परंतु हा मार्ग तिबेटच्या पठारावरून जातो. विमानातील हवेचा दाब घटल्यास सुमारे ३ कि.मी. उंचीपर्यंत उतरावे लागते आणि तेथील भूमीच त्याहून उंच आहे. म्हणून प्रत्यक्ष मार्ग लांबतो.

वाऱ्याचा प्रभाव :
मध्य अक्षांशांत ९ ते १२ कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुझोत वाहतात. विषुववृत्तीय व ध्रुवीय प्रदेशांतील तापमानाचा फरक आणि पृथ्वीचे परिवलन ही त्यांची कारणे होत. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने अटलांटिकवरील सुमारे १३,९०० कि.मी. मार्गाऐवजी पॅसिफिकवरील सुमारे १५,३०० कि.मी. मार्ग स्वीकारला आणि ते अंतर सुमारे साडेचौदा तासांत पार केले. म्हणजे जमिनीच्या संदर्भात सरासरी वेग ताशी सुमारे १,०५५ कि.मी. पडला. हवेच्या संदर्भात अशा विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० कि.मी. असतो, उरलेला वाटा प्रामुख्याने वाऱ्याचा. अटलांटिकचा मार्ग निर्वात स्थितीतही साडेपंधरा तासांच्या आसपास घेतो. समोरचा वारा असल्यास अधिकच.

घड्याळ व सीमा :
ऑक्टोबरमध्ये दोन्ही शहरांच्या प्रमाणवेळेत साडेबारा तासांचा फरक असतो. त्यामुळे साडेचौदा तास उडूनही प्रवासी घड्याळानुसार केवळ दोन तासांनी पुढे पोहोचतो. वेळापत्रकातील दोन वेळांची वजाबाकी म्हणजे प्रवासकाल नव्हे. हवाई हद्दींचाही परिणाम होतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हद्द बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. अंतर वाढले की इंधनाचे वजन वाढते व प्रवासी अथवा माल कमी न्यावा लागतो.

निष्कर्ष :
सारांश, मूळ सूत्र चुकीचे नाही. त्यात कोणते अंतर व कोणता वेग घ्यावयाचा हे ठरविणे महत्त्वाचे आहे. अंतर प्रत्यक्ष मार्गाचे व वेग जमिनीच्या संदर्भातील घेतल्यास उत्तर अचूक येते. भूगोल, भौतिकशास्त्र व राज्यशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांनी हे एकच उदाहरण आपापल्या वर्गात वापरल्यास विषयांमधील नाते विद्यार्थ्यांस आपोआप उमगेल.