दहावं अक्षर

सकाळी साडेआठला शटर वर करून उदबत्ती लावतो, तोवर ओट्यावर बोहनीचं गिऱ्हाईक बसलेलं असतं. खेड्यावरची माणसं गाडीचं काम उरकून शेतात जायच्या घाईत असतात. कळमनुरीत स्पेअर पार्टचं दुकान चालवायचं तर नाश्ता घरूनच करून यावा.

"भाऊ, स्प्लेंडरचं हेडलाइटचं बटन द्या. दिवसभर लाइट बंदच होईना."

"कितीचं मॉडेल?"

"नवंच हाय की."

'नवंच' यावर मी विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या मालकाला बारा वर्षांची गाडीही नवीच वाटते. बोळा घेऊन खाली उतरतो. हँडल डावीकडं वळवलं की उजव्या अंगाला चेसिसच्या नळीवर नंबर ठोकलेला दिसतो. म्हणजे चिखल नि ग्रीस पुसल्यावर दिसतो. एकूण सतरा अक्षरं नि आकडे. पहिली तीन कंपनीची: एमबीएल म्हणजे हिरो, एमडी२ बजाज, एमडी६ टीव्हीएस. पुढं मॉडेल नि इंजिनचा प्रकार. मला हवं असतं ते दहावं, सालाचं. ए म्हणजे २०१०, बी म्हणजे २०११, असं एचपर्यंत सरळ. मग आय गाळून जे, के, एल. आय, ओ नि क्यू या नंबरात येतच नाहीत, एक नि शून्याशी गफलत होऊ नये म्हणून.

इथं दहावं अक्षर एच, म्हणजे २०१७. महिन्याचं अक्षर जी, म्हणजे जुलै. एप्रिल २०१७ पासून दुचाकीचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागलाच पाहिजे, असा नियम आहे. "मामा, तुमच्या गाडीला ते बटनच नाही." मामांना पटत नाही. बोहनी गेली.

दहा ते बारा मिस्त्री लोकांचं राज्य. त्यांना शिकवावं लागत नाही, फोनवर नंबरचा फोटो टाकतात. अडचण एलची. २०२० च्या एप्रिलपासून बीएस सिक्स आलं, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, पण काही गाड्या आधीच बदलून बाजारात आल्या होत्या. अशा वेळी अक्षरावर पैज लावू नये. जुना पार्ट खोलून आणा म्हणतो.

दुपारी एजंट येतो. कर्जाच्या कागदांना चेसिसची छाप लागते, नि ती नीट काढणारे हात कमी. नंबर कोरडा करायचा, त्यावर मऊ पेन्सिल आडवी घासायची, पारदर्शक टेप घट्ट दाबायची नि एका दमात उचलायची. हात थरथरला की आठाचा तीन होतो. टेप पांढऱ्या कागदावर चिकटवली की अक्षरं उमटून दिसतात, ठोकताना एखादा आकडा किंचित तिरका गेला असेल तर तोसुद्धा. नंबर घासून पुन्हा ठोकलेला असेल तर खोली सारखी येत नाही, बोटाला कळतं. घासलेला नंबरही पुरता जात नाही. ठोक्यानं आतला धातू दबलेला असतो, प्रयोगशाळेत आम्लानं तो परत उठवतात.

जेवणानंतर दोन तास गिऱ्हाईक नसतं. तेव्हा मी जुन्या अमेरिकन गाड्यांचे कोड वाचतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ जुळवल्या जात, पण माझा जीव शेव्रोलेट कॅमेरोत. १९६९ च्या एखाद्या कॅमेरोचा नंबर १२४३७९एन असा सुरू होतो: १ शेव्रोलेट, २४ व्ही-एट इंजिनची कॅमेरो, ३७ कूप, ९ साल, एन म्हणजे ओहायोतला नॉरवुड कारखाना. एवढं सांगून नंबर गप्प. गाडी भारी किमतीची झेड-२८ आहे का, हे त्यात नसतं, कारण झेड-२८ हा ऑर्डरवरचा कोड. मग इंजिनवरचे शिक्के नि कारखान्यातले कागद धुंडाळायचे. क्रायस्लरच्या गाड्यांत असा कागद कधी सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो! साध्या कॅमेरोला झेड-२८ चे बिल्ले लावून विकणारेही तिकडं आहेत. आपल्याकडं नवीन स्टिकर मारतात, एवढाच फरक.

चारनंतर तसलीच गाडी येते. पोरगा गाडी घ्यायला निघालेला, सोबत मालक. "बाराचं मॉडेल हाय, सिंगल हँड." आरसीवर नोंदणी २०१२ ची, चेसिसवर बी. यात लबाडी नाही. गाडी शोरूममध्ये वर्ष उलटेपर्यंत उभी होती. भाव मात्र अकराचा द्यावा. एमएच २२ बघून पोरगा विचारतो, गाडी परभणीची का? तसं असेलच असं नाही. आमचा जिल्हा परभणीतून १ मे १९९९ ला वेगळा झाला, त्याआधीच्या इथल्या गाड्यांनाही २२ च आहे. ही २०११ ची, म्हणजे खरंच परभणीची.

सात वाजता नांदेडची ऑर्डर लिहितो. मॉडेलच्या नावापुढं दहावं अक्षर टाकतो, त्यामुळं माल परत पाठवायचे हेलपाटे वाचतात.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी इसार देण्याआधी एवढं करा: चेसिस नि इंजिन, दोन्ही नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मालक घाई करू लागला तर उद्या उजेडात या.