ॲनी पॉवेल : वेल्समधील स्थानिक राजकारण आणि कम्युनिस्ट स्त्रीनेतृत्व

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस :
• दक्षिण वेल्समधील ऱ्होंदा खोऱ्याची सामाजिक व आर्थिक घडण सांगता येईल.
• ॲनी पॉवेल यांच्या राजकीय वाटचालीतील टप्पे स्पष्ट करता येतील.
• संसदीय निवडणूक व स्थानिक निवडणूक यांत मतदार वेगवेगळे निकष का लावतात, याचे विवेचन करता येईल.
• स्थानिक सत्तेचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा यांची चिकित्सा करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, राजकीय चळवळींचा इतिहास वाचताना आपले लक्ष सहसा पक्षाच्या सर्वोच्च नेत्यांकडे, मोठ्या संपांकडे आणि संसदेतील संघर्षांकडे जाते. एखाद्या गावाच्या नगरपरिषदेत वर्षानुवर्षे बसून गळक्या छपरांचे, भाड्याच्या थकबाकीचे आणि शाळेच्या रस्त्याचे प्रश्न मांडणारा सदस्य त्या इतिहासात क्वचितच दिसतो. परंतु विचारसरणी ही सामान्य माणसाच्या दारापर्यंत पोहोचते ती अशाच सदस्यांच्या द्वारे. प्रस्तुत पाठात आपण ॲनी पॉवेल (१९०६-१९८६) या वेल्श कम्युनिस्ट स्त्रीच्या कारकिर्दीचा विचार करणार आहोत. ब्रिटनमध्ये कम्युनिस्ट पक्ष कधीही मोठा झाला नाही. तरीही १९७९ मध्ये या पक्षाची एक वयोवृद्ध शिक्षिका ऱ्होंदाची महापौर झाली. हे कसे घडले, हा या पाठाचा मुख्य प्रश्न आहे.

१. ऱ्होंदाचे खोरे : पार्श्वभूमी

दक्षिण वेल्समध्ये ऱ्होंदा फाव्र आणि ऱ्होंदा फाख ही दोन अरुंद खोरी आहेत. १८५१ मध्ये येथील लोकवस्ती दोन हजारांहून कमी होती. उत्तम प्रतीचा वाफेचा कोळसा सापडल्यानंतर साठ वर्षांत ती दीड लाखावर गेली. डोंगरउतारांवर एकमेकांना चिकटून उभ्या राहिलेल्या घरांच्या लांबच लांब रांगा, त्यांच्यामध्ये खाणीचे मनोरे, जागोजागी प्रार्थनामंदिरे आणि कामगारांची वाचनालये असे या खोऱ्याचे रूप होते. जवळजवळ सर्व कुटुंबे एकाच उद्योगावर अवलंबून असल्यामुळे खाणीतील मजुरीचा प्रश्न हा साऱ्या गावाचा प्रश्न होता.

१९१० मध्ये पेनीग्रेग येथील एका खाणीत नव्या थराच्या मजुरीदरावरून वाद सुरू झाला. त्याचे पर्यवसान सुमारे बारा हजार कामगारांच्या लढ्यात झाले. शेजारच्या टॉनिपँडी गावात पोलीस व कामगार यांच्यात चकमकी झाल्या आणि गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी या भागात सैन्य धाडले. या घटनेची कटू स्मृती पुढील अनेक पिढ्यांनी जपली. ॲनी पॉवेल त्या वेळी चार वर्षांच्या होत्या. पुढे ज्या पेनीग्रेगने त्यांना नगरपरिषदेत पाठविले, ते हेच पेनीग्रेग होय.

पहिल्या महायुद्धानंतर कोळशाची परदेशी बाजारपेठ आटली. १९२६ चा सार्वत्रिक संप व खाणमालकांची प्रदीर्घ टाळेबंदी यांत कामगारांचा पराभव झाला. तिसाव्या दशकात बेकारीने खोरे पोखरून काढले. १९२१ मध्ये १,६२,००० असलेली लोकसंख्या १९५१ पर्यंत १,११,००० वर आली. तरुण मुले-मुली इंग्लंडमधील कारखान्यांत व घरकामासाठी निघून गेली आणि मागे वृद्ध, आजारी व बेकार राहिले.

२. शिक्षिका ते कार्यकर्ती

ॲनी पॉवेल यांचा जन्म ऱ्होंदातील एका वेल्शभाषक कुटुंबात झाला. घरचे वातावरण प्रार्थनामंदिराच्या शिस्तीचे होते. बॅरी येथील अध्यापक महाविद्यालयात प्रशिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या. खाणगावातील हुशार मुलीपुढे शिक्षिकेचा पेशा हाच प्रतिष्ठेचा मार्ग होता. परंतु तोही निर्वेध नव्हता. ऱ्होंदाच्या परिषदेने विसाव्या दशकाच्या प्रारंभी विवाहित शिक्षिकांना कामावरून काढले होते. त्या शिक्षिका न्यायालयात गेल्या. १९२३ मध्ये निकाल परिषदेच्या बाजूने लागला. पुरुषांना काम नसताना विवाहित स्त्रीने पगार का घ्यावा, असा त्या काळचा युक्तिवाद होता. विवाहित शिक्षिकांवरील हे बंधन इंग्लंड व वेल्समध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्याने दूर झाले. म्हणजे कामगारांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या समाजातही स्त्रीचा हक्क दुय्यम मानला जात होता, ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे.

वर्गात समोर बसलेल्या मुलांची उपासमार व फाटके कपडे पाहून पॉवेल राजकारणाकडे वळल्या. प्रारंभी त्या मजूर पक्षात होत्या. परंतु बेकारांना संघटित करण्याचे काम कम्युनिस्ट कार्यकर्ते अधिक तळमळीने करीत आहेत, असे त्यांना दिसले. बेकारभत्ता देण्यापूर्वी साऱ्या कुटुंबाची मिळकत तपासली जाई. मुलगा कमावू लागला की बापाचा भत्ता कमी होई आणि घरातील नात्यांवर त्याचा ताण पडे. फेब्रुवारी १९३५ मध्ये भत्त्यातील कपातीविरुद्ध दक्षिण वेल्समध्ये लाखो लोक रस्त्यावर आले. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता. सरकारला ती कपात थांबवावी लागली. अशा वातावरणात १९३८ मध्ये पॉवेल यांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला.

येथे एक शंका उद्भवते. प्रार्थनामंदिरात वाढलेली स्त्री निरीश्वरवादी समजल्या जाणाऱ्या पक्षात कशी गेली? याचे उत्तर ऱ्होंदाच्या संस्कृतीत आहे. सभेत उभे राहून बोलणे, समिती चालविणे, सामुदायिक गायन आणि शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जाणे हे संस्कार प्रार्थनामंदिरानेच दिले होते. कामगार चळवळीने त्या संस्कारांना नवा आशय दिला. त्यामुळे हा बदल वाटतो तितका आकस्मिक नव्हता.

३. दोन निवडणुका, दोन निकष

ऱ्होंदा पूर्व मतदारसंघात कम्युनिस्ट पक्षाचे बळ लक्षणीय होते. या खोऱ्यातील मार्डी हे गाव 'छोटे मॉस्को' म्हणून ओळखले जाई. १९४५ च्या निवडणुकीत पक्षाचे नेते हॅरी पॉलिट यांचा येथे केवळ ९७२ मतांनी पराभव झाला. मात्र १९५० मध्ये पॉलिट यांचीच मते साडेचार हजारांच्या खाली घसरली. शीतयुद्धाने वातावरण पालटले होते आणि खाणींचे राष्ट्रीयीकरण, मोफत आरोग्यसेवा यांचे श्रेय मजूर पक्षाच्या सरकारकडे गेले होते.

अशा उतरत्या काळात १९५५ मध्ये ॲनी पॉवेल संसदेसाठी उभ्या राहिल्या. १९५५ आणि १९५९ अशा दोन्ही निवडणुकांत त्यांना साडेचार हजारांच्या आसपास मते मिळाली. विजय मजूर पक्षाचाच झाला. नगरपरिषदेच्या निवडणुकांतही त्यांना वारंवार पराभव पत्करावा लागला. परंतु त्या पुन्हापुन्हा उभ्या राहिल्या आणि अखेर पेनीग्रेगच्या मतदारांनी त्यांना निवडून दिले.

संसदेसाठी नाकारलेली उमेदवार नगरपरिषदेसाठी का चालावी? संसदीय निवडणुकीत मतदार देशाचे सरकार निवडत असतो. कम्युनिस्ट उमेदवाराला दिलेले मत तेथे सत्तेपर्यंत पोहोचणार नाही, हे त्याला ठाऊक असते. स्थानिक निवडणुकीत मात्र तो ओळखीच्या माणसाला पारखतो. ही बाई आपल्या मुलांच्या शाळेत शिकविते, आपल्या भाषेत बोलते, दार ठोठावले तर ऐकून घेते आणि सांगितलेले काम तडीस नेते, ही खात्री पक्षाच्या नावापेक्षा मोठी ठरते. शिवाय जेथे एकाच पक्षाची दीर्घकाळ पकड असते, तेथे त्या पक्षाला जाब विचारणारा एखादा सदस्य सभागृहात असावा, असेही मतदारांना वाटते. ऱ्होंदात मजूर पक्षाचे वर्चस्व असेच होते.

४. १९५६ ची कसोटी

१९५६ हे वर्ष जगभरच्या कम्युनिस्टांना कसोटीचे ठरले. स्टालिनच्या राजवटीतील अत्याचारांवर ख्रुश्चेव्ह यांनी केलेले भाषण प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतील उठाव चिरडला. ब्रिटिश पक्षाच्या सुमारे एक चतुर्थांश सदस्यांनी पुढील दोन वर्षांत पक्ष सोडला. पॉवेल पक्षातच राहिल्या. त्यांच्या या निष्ठेचे मूल्यमापन दोन अंगांनी करता येते. बेकारीच्या काळात आपल्या लोकांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संघटनेशी ती इमानदारी होती. परंतु बुडापेस्टमधील कामगारांवर झालेल्या दडपशाहीचा प्रश्न त्या इमानदारीने सुटत नव्हता. चरित्राचा अभ्यास करताना यांपैकी एकच अंग पाहणे अपुरे ठरेल.

५. महापौरपद : मान आणि मर्यादा

पॉवेल यांच्या सार्वजनिक जीवनाच्या काळात ऱ्होंदाचा पाया ढासळत होता. १९६५ मध्ये केंब्रियन खाणीतील स्फोटात ३१ कामगार मृत्युमुखी पडले आणि पुढच्या वर्षी ती खाण बंद झाली. एकामागून एक खाणी मिटत गेल्या. खाण बंद करण्याचा निर्णय नगरपरिषदेच्या हाती नव्हता; तिच्या हाती होती ती परिषदेची घरे, स्वच्छता, क्रीडांगणे यांसारखी कामे. १९७४ च्या पुनर्रचनेनंतर शिक्षण व समाजसेवा ही खातीही काउंटीकडे होती.

१९७९ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या पॉवेल ऱ्होंदाच्या महापौर झाल्या. ब्रिटनमध्ये अशा परिषदांचा महापौर नगरसेवक एक वर्षासाठी निवडतात. तो सभागृहाचे अध्यक्षपद भूषवितो व नगराचे प्रतिनिधित्व करतो. त्या काळी कारभाराची खरी सूत्रे समित्यांकडे असत. आपल्याकडील महानगरपालिकांतही महापौरपद मुख्यतः मानाचेच असते व कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, हे येथे आठवावे. म्हणून पॉवेल यांची निवड म्हणजे ऱ्होंदात कम्युनिस्ट सत्ता आली असे नव्हे. परंतु अन्य पक्षांच्या सहकाऱ्यांनी ज्या स्त्रीविरुद्ध निवडणुका लढविल्या, तिलाच नगराचा सर्वोच्च मान दिला, हे महत्त्वाचे आहे.

त्याच वर्षाच्या मार्चमध्ये वेल्सला स्वतंत्र विधानसभा देण्याचा प्रस्ताव जनमतात सुमारे चारास एक अशा प्रमाणात फेटाळला गेला. कम्युनिस्ट पक्षाने त्या प्रस्तावाचा पुरस्कार केला होता. मे महिन्यात मार्गारेट थॅचर यांचे हुजूर पक्षाचे सरकार सत्तेवर आले. म्हणजे ॲनी पॉवेल यांच्या गळ्यात महापौरपदाची साखळी पडली, त्याच वर्षी त्यांच्या राजकारणाची दिशा देशाने नाकारली होती. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. चारच वर्षांनी ऱ्होंदातील अखेरची खाण, मार्डीची, बंद झाली.

६. मूल्यमापन

पॉवेल यांचे यश त्यांच्या पक्षाचे यश म्हणता येत नाही, आणि ते केवळ वैयक्तिक होते असेही म्हणता येत नाही. पक्षाने त्यांना शिस्त, अभ्यास व पराभव पचविण्याचे बळ दिले. खोऱ्याने त्यांना विश्वास दिला. क्रांतीचे ध्येय सांगणारी व्यक्ती आयुष्यभर घरांच्या दुरुस्तीसारख्या प्रश्नांत रमते, यात काहींना विसंगती दिसेल. परंतु ज्या वर्गाच्या मुक्तीची भाषा करायची, त्याच्या आजच्या गैरसोयीकडे पाठ फिरवली तर ती भाषा पोकळ ठरते. खाण वाचविण्याची शक्ती स्थानिक प्रतिनिधीकडे नव्हती. खाण गेल्यानंतर उरलेल्या माणसांना एकटे न पाडण्याची मात्र होती.

सारांश

ऱ्होंदाच्या खाणसमाजातून आलेल्या ॲनी पॉवेल शिक्षकी पेशातील अनुभवातून राजकारणात आल्या. १९३८ मध्ये त्यांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. संसदेच्या निवडणुकांत त्यांना अपयश आले. वारंवारच्या पराभवांनंतर नगरपरिषदेत मात्र त्यांना स्थान मिळाले. १९७९ मध्ये त्या महापौर झाल्या. त्यांची कारकीर्द स्थानिक विश्वासाचे सामर्थ्य व स्थानिक सत्तेच्या मर्यादा एकाच वेळी दाखविते.

पारिभाषिक शब्द

टाळेबंदी : मागण्या मान्य होऊ नयेत म्हणून मालकाने कामगारांना कामावर येण्यास केलेली बंदी.
मिळकत-तपासणी : बेकारभत्ता देण्यापूर्वी संपूर्ण कुटुंबाच्या उत्पन्नाची केलेली चौकशी.
काउंटी : ब्रिटनमधील जिल्हास्तरीय प्रशासकीय विभाग.

सरावासाठी स्वाध्याय

१. ऱ्होंदातील बेकारीचा ॲनी पॉवेल यांच्या राजकीय भूमिकेवर कोणता परिणाम झाला, ते स्पष्ट करा.
२. 'कामगारांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या समाजातही स्त्रीचा हक्क दुय्यम मानला जात होता.' विवाहित शिक्षिकांच्या उदाहरणाने हे विधान पडताळून पाहा.
३. आपल्या गावातील किंवा प्रभागातील मतदार स्थानिक निवडणुकीत पक्षाला महत्त्व देतात की व्यक्तीला? दोन-तीन ज्येष्ठ नागरिकांशी बोलून टिपण तयार करा.